आईच्या रेडिएशनच्या स्टडीचा फॉर्म: सही करायची की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातले एक जण विचारतायत. आई ५८ वर्षांची, सातवी शिकलेली. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो संपली, काखेतल्या काही गाठींत आजार निघाला म्हणून आता रेडिएशन द्यायचंय. नवी मुंबईतल्या ज्या हॉस्पिटलात उपचार चालू आहेत तिथे विचारलं, "एका स्टडीत घेऊ का?" एका गटाला तीन आठवड्यांत १५ सिटिंग, दुसऱ्या गटाला एका आठवड्यात ५. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. हातात मराठीतला चौदा पानी फॉर्म दिलाय. मामा म्हणतात, "सरळ नाही सांग, गरिबांवर प्रयोग करतात." नाही म्हटलं तर डॉक्टरांचं मन बदलेल अशी धास्ती आहे. आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "आईला गाठ होती ती काढली, आता शेक द्यायचाय, एवढंच सांगितलंय. सही मी केली तर चालेल ना?"

मी नर्स म्हणून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं नवी मुंबईत क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर आहे. फॉर्म समजावून सांगणं, सही घेणं, फॉलोअपच्या तारखा सांभाळणं, कुणाला ताप आला की फोन उचलणं, हे माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या आईचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे "घ्या" किंवा "घेऊ नका" असं इथून सांगणार नाही. पण तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे असं मला वाटतं. त्या ओळीकडे नंतर येते. आधी स्टडीत काय आहे ते बघू, कारण आईशी बोलताना तेच लागणार आहे.

स्तनाच्या रेडिएशनला पूर्वी सर्रास २५ सिटिंग असायची, म्हणजे पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार. एकूण डोस ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक). मग ब्रिटनमध्ये १९९९ पासून दोन हजारांहून जास्त बायकांवर 'स्टार्ट-बी' नावाची चाचणी झाली. त्यात ४० ग्रे डोस १५ सिटिंगमध्ये देऊन पाहिला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं की आजार परत येण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट स्तनाच्या त्वचेवर आणि आकारावर बऱ्याच काळाने दिसणारे परिणाम कमी निघाले. आज तुमच्या आईला स्टडीबाहेर जे १५ सिटिंग मिळतील ते असे आलेत. कुठल्या तरी बायकांनी अशाच फॉर्मवर सही केली म्हणून तुमच्या दहा खेपा वाचतायत.

पुढचा टप्पा ५ सिटिंगचा. तोही ब्रिटनमध्येच, 'फास्ट-फॉरवर्ड' नावाने. ४,०९६ रुग्ण होते, निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच वर्षांत त्याच बाजूला आजार परतण्याचं प्रमाण १५ सिटिंगच्या गटात २.१ टक्के आणि ५ सिटिंगमध्ये २६ ग्रे दिलेल्या गटात १.४ टक्के. म्हणजे आजार आवरण्यात छोटा कोर्स कमी पडला नाही. त्याच चाचणीत आणखी एक गट होता, पाचच सिटिंग पण २७ ग्रेचा. फरक फक्त एका ग्रेचा, तरी त्या गटात स्तनाच्या ऊतींवर दुष्परिणाम जास्त दिसले. कुणी तुम्हाला "थोडं जास्त दिलं तर बरंच की" म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

मग एवढं सिद्ध झालंय तर परत स्टडी कशाला? कारण त्या मुख्य चाचणीत काखेतल्या किंवा गळ्याजवळच्या गाठींच्या भागाला रेडिएशन द्यायचं असलेल्या बायका नव्हत्या. तुमच्या आईला बहुधा तिथेही द्यावं लागेल. त्या भागातून हाताच्या नसा जातात, लसिका वाहते, खांदा तिथेच. पाच सिटिंगमध्ये प्रत्येक वेळचा डोस मोठा असतो आणि नसांवर, खांद्यावर त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. हा प्रश्न मोजून पाहावा लागतो, अंदाजाने सुटत नाही. फॉर्ममध्ये 'गाठींचा भाग' किंवा 'नोडल रेडिएशन' असा उल्लेख आहे का बघा. असेल तर माझा अंदाज बरोबर. नसेल तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: गाठींच्या भागाला रेडिएशन लागणाऱ्या रुग्णांसाठी छोट्या कोर्सची माहिती आज कितपत आहे? आजार डाव्या बाजूला आहे, तेव्हा हृदयाला किती डोस जाईल आणि श्वास रोखून धरायला लावून रेडिएशन देणार का, हेही विचारा. ते दोन्ही गटांना लागू आहे.

आता कॉम्प्युटरचं. घरचे लोक माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणतात, "मॅडम, पाचवालं द्या ना, ठाण्याहून यायचंय." समजतं मला. पनवेल लोकल सुटली तर वाशीला किंवा नेरूळला गाडी बदला, उतरल्यावर रिक्षा धरा, मशीन बंद पडलं तर बसून राहा, आणि हे तीन आठवडे. पण माझ्या हातात खरंच काही नसतं. पेशंटने सही केल्यावर आम्ही तिची माहिती भरतो आणि मग स्क्रीनवर गट दिसतो, त्याआधी डॉक्टरांनाही माहीत नसतो. म्हाडाच्या लॉटरीत घर लागतं किंवा लागत नाही. इथे दोन्ही चिठ्ठ्यांवर घर आहे, कुठलं जास्त टिकतं तेवढंच बघायचंय. मी किंवा डॉक्टरांनी निवडायला सुरुवात केली तर तब्येतीने बऱ्या बायका छोट्या कोर्सकडे ढकलल्या जातील आणि मग छोटा कोर्स चांगला की त्या बायका मुळात बऱ्या, हे कधीच कळणार नाही.

तेव्हा तुमच्यासाठी हिशोब असा आहे. एका बाजूला जो उपचार नाही म्हटलं तरी मिळालाच असता तो. दुसऱ्या बाजूला जो बऱ्याच रुग्णांत तपासला गेलाय, पण आईसारख्या रुग्णांत कमी तपासला गेलाय तो. अगदी नवं, माणसात पहिल्यांदा देण्याचं औषध असतं तर माझं सगळं उत्तर वेगळं झालं असतं.

मामांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. तिला आधार आहे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस देण्याचा एक प्रकल्प चालला होता. तो २०१० मध्ये थांबवावा लागला आणि पुढे संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यातला एक आक्षेप असा की वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृह चालवणाऱ्यांच्या सह्या होत्या. सर्वोच्च न्यायालयात याचिका चालली, २०१३ मध्ये संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं, २०१९ मध्ये औषधांच्या चाचण्यांचे नवे नियम आले. रेकॉर्डिंग सरसकट सगळ्या संशोधनाला लागत नाही. अगदी नव्या औषधाच्या (नव्या रेणूच्या) चाचणीत सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या, असुरक्षित गटातले रुग्ण असतील तर लागतं. तुमच्या आईच्या वेळी कॅमेरा लावला नाही म्हणून काही लपवलंय असं समजू नका.

मामांना दुसरी बाजूही सांगा. संशोधन म्हणजे कंपनीचं महागडं औषध खपवणं असं समीकरण डोक्यात बसलंय. आपल्याच टाटा मेमोरियलने ३५० बायकांवर चाचणी करून दाखवलं की स्तनाचा कॅन्सर निदानाच्या वेळीच शरीरात इतरत्र पसरलेला असेल आणि केमोला प्रतिसाद देत असेल, तर स्तन काढण्याच्या ऑपरेशनने आयुष्य वाढत नाही. २०१५ मध्ये ते छापून आलं. एका मोठ्या ऑपरेशनमधून सुटका, यात कुठली कंपनी कमावणार? त्याच संस्थेने देशातल्या इतर केंद्रांबरोबर आणखी एक साधी गोष्ट तपासली: ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल देण्याचं नेहमीचं लिडोकेन टोचायचं. सोळाशेच्या आसपास बायका, अर्ध्यांना टोचलं, अर्ध्यांना नाही. टोचलेल्यांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. औषध इतकं स्वस्त की त्याची जाहिरात करायला कुणी येणार नाही. सिटिंग कमी करण्याच्या स्टडी याच जातीच्या असतात. मशीन मोकळं होतं, रांग कमी होते, पेशंटच्या खेपा वाचतात.

नाही म्हटलं तर? काही बिघडत नाही, आणि हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवून वाचा. मी पाहिलेल्या डॉक्टरांना नकार रोजचा असतो. स्टडीला नाही म्हणणाऱ्या बाईलाही त्याच मशीनवर, त्याच टेक्निशियनकडून रेडिएशन मिळतं. कधी एखादा ज्युनिअर डॉक्टर घाईत नाराजी दाखवतो, नाही असं नाही. तसं झालं तर फॉर्मवर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे स्टडीला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, सदस्य सचिवांचा नंबर असतो, तो शोभेसाठी नसतो. त्या कमिटीत हॉस्पिटलबाहेरचे लोक, कायद्याचा माणूस आणि एक सामान्य नागरिकही बसतो. मध्येच बाहेर पडायचा हक्कही आहे. फक्त रेडिएशनमध्ये एक मेख आहे. स्टडी सोडणं वेगळं आणि उपचार अर्धवट सोडणं वेगळं. पाचातली तीन सिटिंग झाल्यावर "आम्ही बाहेर पडतो" म्हणालात तर डॉक्टर उरलेला डोस तरी पूर्ण करायला लावतील, आणि तो करायलाच हवा. बाहेर पडाल ते पुढच्या फॉलोअपच्या माहितीतून.

आता सहीचं. नाही, तुमची सही चालणार नाही. आई शुद्धीवर आहे, विचार करू शकते, मराठी वाचू शकते. तिच्या वतीने मुलगा, नवरा, भाऊ कुणीही संमती देऊ शकत नाही. कायदेशीर प्रतिनिधीची सही लागते ती माणूस बेशुद्ध असेल किंवा समजण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा. वाचता न येणाऱ्या बाईच्याही बाबतीत आम्ही तिचाच अंगठा घेतो आणि पूर्ण बोलणं ऐकलेला निःपक्ष साक्षीदार सही करतो. आईला आजाराचं नाव माहीत नसताना कुणी तुमची सही घेऊन तिला स्टडीत घातलं, तर तो गट, तो डोस, सगळं बाजूला ठेवून मी म्हणेन की तिथून निघा.

ठाण्या-मुंबईत हे मी सतत बघते. कॅन्सर हा शब्द घरात उच्चारायचा नाही. 'गाठ', 'सूज', 'शेक'. बाहेर मुलगा मला खुणावतो, "सिस्टर, तिला काही बोलू नका." आणि आत ती बाई केमोच्या खुर्चीवर सलाईन लावून बसलेली असते, डोक्याला स्कार्फ, शेजारच्या खुर्चीवरची बाई तिला स्वतःचं सगळं सांगत असते. तुमच्या आईचे केस गेले असतील. फाईलवर ऑन्कॉलॉजी छापलेलं आहे. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसू देतात म्हणून तुम्हीच तिला त्यातून नेलं असेल. तिला काहीच कळलं नसेल असं धरून चालू नका.

मी घरच्यांना एवढंच सुचवते की सांगण्याआधी विचारा. "आई, तुला या आजाराबद्दल काय काय कळलंय?" आणि मग गप्प बसा. ती जिथे थांबेल तिथून पुढे न्या. सगळं एका दिवसात ओतायची गरज नाही. "गाठ कॅन्सरची होती, ती काढलीय, परत येऊ नये म्हणून रेडिएशन आहे" हे तीन तुकडे पुरतात. टक्केवारी ती मागेल तेव्हा. सांगायला जीभ रेटत नसेल तर डॉक्टरांना किंवा तिथल्या सोशल वर्करला सांगा, आम्ही हे काम करतो. फक्त तुम्ही खोलीत असा, आणि ती तुमच्याकडे बघून उत्तर द्यायला लागली तर तिच्याऐवजी बोलू नका.

एकदा हे बोलणं झालं की काय होतं ते सांगते. घरचे विचारतात जगण्याचं, पेशंट विचारते हाताचं. बेलापूर गावातल्या एका आजींना मी दोन्ही गट समजावून सांगत होते. सून शेजारी वही घेऊन बसली होती. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाचाच्यात हाताला सूज येईल की पंधराच्यात? मला मासळीची पाटी उचलायची असते." चौदा पानांचा गाभा त्या एका प्रश्नात होता. ती स्टडी ज्यासाठी चालली होती त्यातलं एक उत्तर तेच. दर फॉलोअपला आम्ही टेपने दंडाचा घेर मोजतो, दोन्ही हातांचा, कोपरापासून ठरावीक अंतरावर. हात किती वर जातो ते बघतो. शिवाय प्रश्नावली भरून घेतो: गेल्या आठवड्यात दुखलं का, झोप लागली का, कामं जमली का, अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप. बायका डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून सगळीकडे "थोडंसं" म्हणतात. त्यामुळे मी डॉक्टर केबिनमध्ये नसताना भरून घेते. तुमची आई स्टडीत गेली तर तिला आधीच सांगा, दुखतंय तर दुखतंय म्हण. खोटी "थोडंसं" पुढच्या बाईच्या कामाची नाही.

म्हणून माझं मत असं, की आईला हे सांगायचं की नाही हा प्रश्न स्टडीपेक्षा मोठा आहे आणि आधीचा आहे. तो सुटला तर सहीचा प्रश्न बऱ्यापैकी आपोआप सुटतो, कारण निर्णय घेणारी व्यक्ती समोर येते. तो सुटणार नसेल, घरात एकमत होत नसेल, तर स्टडीला नाही म्हणा आणि १५ सिटिंग घ्या. तो चांगला, तपासलेला उपचार आहे. अपराधी वाटून घेऊ नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तिथेच विचाराव्या लागतील. पैसे महात्मा फुले योजनेतून भरले जात असतील तर ५ सिटिंगच्या गटात पॅकेज कसं बसतं ते योजनेच्या काउंटरवर विचारा, आधी. फक्त स्टडीसाठी म्हणून होणाऱ्या जादा तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. येण्याजाण्याचं भाडं काही स्टडीत मिळतं, काहीत नाही. स्टडीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, ते फॉर्ममध्ये कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगा. औषध कंपनीच्या चाचणीत हे नियमाने बांधलेलं असतं. विभागाच्या स्वतःच्या स्टडीत हॉस्पिटलने काय तरतूद केलीय ते विचारून घ्यावं लागतं. आणि फॉलोअप किती वर्षं? पाच वर्षं म्हणाले तर दर वेळी ठाण्याहून कोण घेऊन येणार ते आजच घरात ठरवा. माझ्याकडे पेशंट हरवतात ते इथेच, उपचारात नाही.

फॉर्मवर सीटीआरआयचा नंबर शोधा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून चालू. नंबरात वर्ष आणि महिना असतो. साइटवर तो टाकला की स्टडीचं नाव, किती रुग्ण घेणार, काय मोजणार, एथिक्स कमिटीची मंजुरी, सगळं दिसतं. इंग्रजीत आहे, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या कुणाला तरी बसवा. फॉर्ममध्ये जे लिहिलंय आणि तिथे जे लिहिलंय ते जुळायला हवं. नंबर नसेल तर विचारा. "आजच सही करा" म्हणत असतील, फॉर्मची प्रत घरी न्यायला देत नसतील, तर घाई करू नका. आणि जिथे 'ट्रायल' म्हणून तुमच्याकडूनच लाखभर मागतात, विशेषतः स्टेम सेलच्या नावाखाली, तिथे तर उभंही राहू नका. तुम्हाला चौदा पानं मराठीत आणि घरी न्यायला मिळाली आहेत, हे मी चांगलंच लक्षण मानते.

वेळेचं एक. रेडिएशन केमोनंतर काही आठवड्यांत सुरू व्हावं लागतं आणि त्याआधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो. स्टडीचा निर्णय साधारण त्या सुमारास लागतो. उद्या फोन करून स्कॅनची तारीख विचारा, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी आईला सोबत घेऊन फक्त बोलण्यासाठी वेळ मागा. ओपीडीच्या गर्दीत नको, दुपारनंतरची. फॉर्म आईला आधी वाचू द्या, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा आणि तोच फॉर्म घेऊन या. सीटीआरआय नंबर इथे टाकलात तर त्यात काय मोजणार आहेत ते मी वाचून सांगेन.